बागेतले रान: हौशी छायाचित्रकारासाठी घराजवळची निसर्गशाळा

गोव्यात निसर्ग पाहायचा म्हटले की आपले पाय पूर्वेकडे वळतात. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव ही नावे ओठांवर येतात आणि मग सुट्टी, वाहन, सोबत यांची जुळवाजुळव सुरू होते. ती जुळली नाही की निसर्गही पुढच्या महिन्यावर ढकलला जातो. वास्तविक ज्या बागेला वळसा घालून आपण रोज कचेरी, बाजार वा शाळा गाठतो, तिथे एखाद्या मोठ्या झाडावर दिवसभरात जेवढी ये-जा होते, तेवढी पाहायलासुद्धा एक सकाळ अपुरी पडते. हातातल्या मोबाइलला कॅमेरा आहे. बाग दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. तिथे जायला परवाना वा मार्गदर्शक लागत नाही. उणीव असते ती थांबण्याची आणि काय पाहायचे हे ठाऊक असण्याची.

पणजीच्या चर्च चौकातील महापालिका उद्यानाला गार्सिया द ऑर्ता या वैद्याचे नाव आहे, हे अनेकांना ठाऊक असते. ते नाव का, हे फारसे कोणी विचारत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगालमधून गोव्यात आलेल्या या वैद्याने इथल्या वनस्पती आणि औषधी द्रव्ये यांवर संवादरूपाने एक ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. आंबा, नारळ, फणस यांसारख्या, इथल्या माणसाला अंगणातल्या वाटणाऱ्या गोष्टी त्याने नव्याने पाहिल्या, स्थानिक वैद्यांना आणि व्यापाऱ्यांना विचारल्या आणि नावानिशी नोंदवल्या. पाहणे, विचारणे, नाव लिहिणे ही त्याची रीत होती. कॅमेरा घेऊन बागेत शिरणाऱ्या हौशी माणसाला याहून वेगळ्या रीतीची गरज नाही.

कोणती बाग, कोणते जग

सगळ्या बागा सारख्या नसतात, हे पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच लक्षात येते. बागेतले जीवन तिथल्या फुलझाडांपेक्षा मातीवर, पाण्यावर आणि जुन्या वृक्षांवर अधिक अवलंबून असते. कांपालच्या किनाऱ्याकडे मांडवीचा वारा आणि जुने डेरेदार वृक्ष एकत्र भेटतात. त्यामुळे झाडांवर बुलबुल आणि आकाशात ब्राह्मणी घार असे दृश्य एकाच बाकावर बसून पाहता येते. आल्तिनोच्या टेकडीवर झाडी दाट आणि वर्दळ कमी. तिथे कान उघडे ठेवले तर पक्षी आधी ऐकू येतात, मग दिसतात. पाटो परिसरात खारफुटीतून जाणारी पायवाट ही शहराच्या मध्यावर असलेली वेगळीच शाळा आहे. ओहोटीच्या वेळी चिखल उघडा पडतो आणि त्यावर खेकडे, चिखलात उड्या मारणारे निवटे मासे आणि त्यांच्या मागावर असलेले बगळे व खंड्या दिसतात. इथे जाताना घड्याळाइतकेच भरती-ओहोटीचे वेळापत्रक महत्त्वाचे.

मडगावकरांना नगरपालिका इमारतीसमोरचे उद्यान जवळचे. भर बाजारातल्या या हिरव्या तुकड्यात पोपट, साळुंक्या आणि कावळे सायंकाळी मुक्कामाला कसे येतात, कोणती फांदी कोणाची, यावर त्यांची भांडणे कशी होतात, हे पाहण्यासारखे असते. जुन्या गोव्याची चर्चसंकुले वारसास्थळ म्हणून पाहिली जातात, परंतु त्यांच्याभोवतीच्या हिरवळीवर हिवाळ्यात धोबी पक्षी शेपटी हलवीत चालत असतात. बोंडला हे राज्यातील एक लहान अभयारण्य, सुमारे ८ चौरस किलोमीटरचे. तिथले वनस्पती उद्यान म्हणजे बाग आणि रान यांमधली पायरी होय. खेड्यात राहणाऱ्यांना तर बागेसाठी कुठे जायलाच नको. फोंडा तालुक्यातील पोफळी, माड, मिरवेल, केळ, जायफळ यांनी भरलेली कुळागरे, देवळाच्या तळीकाठचा पिंपळ, खाजनाच्या बांधावरची भेंड ही सारी त्या अर्थाने बागाच आहेत. कुळागर खाजगी असते, एवढे मात्र विसरू नये. मालकाला विचारूनच आत पाऊल टाकावे. विचारल्यास बहुधा वाट दाखवणारा माणूसही मिळतो.

एका झाडापासून सुरुवात

नवशिक्या छायाचित्रकाराचा पहिला उत्साह धावपळीत खर्च होतो. एक पक्षी दिसला की त्याच्यामागे, तो उडाला की दुसऱ्यामागे. तासाभराने हाती उरतात त्या पानांआड लपलेल्या शेपट्या. यावर साधा उपाय आहे. बागेतले एक झाड निवडावे आणि अर्धा तास त्याच्यापाशी बसावे.

वड, पिंपळ किंवा उंबर फळावर असेल तर त्याहून चांगली जागा नाही. या कुळातली झाडे सगळी एकाच वेळी फळत नाहीत. एक वड रिकामा असतो तेव्हा दुसरा लालबुंद फळांनी लगडलेला असतो, त्यामुळे फळे खाणाऱ्या पक्ष्यांना वर्षभर कुठे ना कुठे आधार मिळतो. अशा झाडावर तांबट, कोकीळ, हरियाल, बुलबुल, साळुंक्या आणि नशीब असेल तर धनेशही येतो. पक्षी आपल्याकडे येतात आणि खाण्यात दंग असल्याने थोडे स्थिरही असतात. छायाचित्रकाराने फक्त सूर्य पाठीमागे राहील अशी बैठक निवडायची.

आंबा किंवा काजूचे झाड असेल तर नजर पानांवर ठेवावी. पाने एकत्र शिवल्यासारखा गोळा दिसला की ते हुमल्यांचे घर समजावे. लाल तांबूस रंगाच्या या मुंग्या पानांच्या कडा ओढून जवळ धरतात आणि आपल्या अळ्यांना तोंडात धरून, त्यांच्या अंगातून निघणाऱ्या रेशमी धाग्याने त्या कडा विणतात. धोटा विणकराच्या हातात फिरावा तशी अळी या काठावरून त्या काठावर फिरते. पाने शिवण्याचे काम चालू असताना मोबाइलच्या मॅक्रो भिंगातूनही हे दृश्य टिपता येते. मात्र फांदीला धक्का लावू नये, कारण हुमल्यांचा चावा गोव्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. घरी येऊन छायाचित्र मोठे करून पाहताना एखादी मुंगी जराशी वेगळी वाटली तर तिचे पाय मोजावेत. सहा असतील तर मुंगी. आठ भरले तर तो हुमल्याची नक्कल करणारा कोळी आहे. त्याने आपल्या पायांची पुढची जोडी मिशांसारखी वर धरलेली असते. प्रत्यक्ष पाहताना सहज फसणारा डोळा स्थिर चित्रात फसत नाही. हौशी छायाचित्रणाचा खरा लाभ इथे कळतो.

फुलपाखरांची गोष्टही झाडापासूनच सुरू होते. प्रौढ फुलपाखरू कोणत्याही फुलावर मध पिईल, पण अंडी घालताना मादी फार चोखंदळ असते. कढीलिंब आणि लिंबूवर्गातील झाडांवर कॉमन मॉरमॉनचे सुरवंट वाढतात. रुईवर प्लेन टायगरचे. बागेच्या कडेने रांगेत लावलेल्या उंच, टोकदार, खोट्या अशोकावर टेल्ड जेचे. आंबा-काजूच्या पानांवर कॉमन बॅरनचे. आंब्यावर वाढणाऱ्या बांडगुळावर कॉमन जेझेबेलचे. कण्हेरीच्या पानाखाली सोन्या-चांदीचा मुलामा दिल्यासारखा चकाकणारा कोश आढळला, तर तो कॉमन क्रो या तपकिरी काळसर फुलपाखराचा. तेव्हा कढीलिंबाची पाने कुरतडलेली दिसली की त्यात किडीचा उपद्रव न पाहता पंधरा-वीस दिवसांनी उडणारे फुलपाखरू पाहायला शिकले पाहिजे. अंडे, सुरवंट, कोश आणि पंख फुटलेले फुलपाखरू अशी चार छायाचित्रे एकाच कुंडीतल्या झाडावर मिळणे ही घरच्या घरी होणारी मोठी कमाई आहे.

बुलबुलांविषयी एक खुलासा इथेच केलेला बरा. गोव्याचा राज्यपक्षी म्हणजे पिवळ्या अंगाचा, काळ्या डोक्याचा आणि केशरी-लाल कंठाचा बुलबुल. तो पश्चिम घाटाचा रहिवासी असून झाडीच्या प्रदेशात आढळतो. शहरातल्या बागेत दिसणारे बुलबुल बहुधा दोन: डोक्यावर टोकदार तुरा आणि डोळ्यामागे लाल ठिपका असलेला शिपाई बुलबुल आणि काळपट डोक्याचा, शेपटीखाली लाल डाग असलेला लालबुड्या. छायाचित्रात तुरा, कंठ आणि शेपटीखालचा भाग दिसला की ओळख पक्की होते. पक्ष्याचे चित्र घेताना केवळ डौलदार बाजू न पाहता ओळखीच्या खुणा दिसतील असे दोन-तीन कोन घ्यावेत, ते यासाठी.

बागेचे वर्ष

बारा महिने एकाच बागेत जाणारा माणूस हळूहळू तिचे पंचांग वाचू लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावरीची पाने झडतात आणि लाल फुले उघडतात. त्या प्यालांवर साळुंक्या, कावळे, शिंजीर यांची झुंबड असते. याच काळात उत्तरेकडून आलेले पाहुणे बागेत असतात. हळद्या, झुडपात सतत वट्वट् करणारा पण क्वचितच दिसणारा बोरू वटवट्या आणि लांब फितीसारखी शेपटी मिरवणारा स्वर्गीय नर्तक हे हिवाळ्यातले मानकरी. मार्च-एप्रिलमध्ये सुरंगीचा आणि ओवळांचा दरवळ सुटतो. चित्रात गंध येत नाही हे खरे, पण सुरंगीच्या फांदीला बिलगलेल्या कळ्या आणि त्यांवर घोंगावणाऱ्या मधमाश्या येतात. एप्रिल-मेमध्ये बहावा, ताम्हण आणि गुलमोहर एकामागून एक फुलतात. यांतला गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि रस्त्याकडेला छत्री धरणारा पर्जन्यवृक्ष उष्ण कटिबंधीय अमेरिकेचा, हे ठाऊक असले की बागेकडे पाहताना इतिहासही दिसू लागतो.

पावसाळ्यात बहुतेक कॅमेरे कपाटात जातात. ही मोठी चूक आहे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चिऱ्याच्या कुंपणभिंतींवर शेवाळ आणि नेचे उगवतात, कुजक्या ओंडक्यांवर अळंब्यांच्या छत्र्या उघडतात, बेडूक गळ्याचे फुगे फुगवून साद घालतात. सरड्याच्या नराचे डोके आणि गळा विणीच्या दिवसांत लाल होतो, तेही याच सुमारास. सप्टेंबर-ऑक्टोबर हे फुलपाखरांचे आणि कोळ्यांचे दिवस. दोन झाडांमध्ये सोनेरी झाक असलेले प्रचंड जाळे विणणारा मोठा रानकोळी आता पूर्ण वाढलेला असतो. त्याच जाळ्यात एका कोपऱ्यात दिसणारा इवलासा कोळी म्हणजे त्याच जातीचा नर. पाऊस सरता सरता मोकळ्या मैदानांवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालताना दिसतात. यांतली एक भटकी जात अरबी समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जाते, असे अभ्यासकांचे मत आहे. हाताच्या बोटाएवढ्या जिवाचा तो प्रवास मनात आणला की पुढच्या वेळी बागेतला चतुर नुसताच चतुर राहत नाही. मग सातविणीच्या उग्र वासाने पुन्हा थंडीची वर्दी मिळते.

उजेड आणि साधने

चांगल्या छायाचित्रासाठी महागडा कॅमेरा हवा, ही समजूत निम्मी खरी आहे. दूरच्या पक्ष्यासाठी दीर्घ नाभीय अंतराचे भिंग लागते, त्याला पर्याय नाही. परंतु झाडाची साल, पाने, फुले, कीटक, कोळी, बुरशी आणि संपूर्ण झाड यांसाठी मोबाइल पुरेसा आहे. मोबाइलवर बोटे ताणून चित्र मोठे करण्याचा मोह टाळावा. त्याने तपशील वाढत नाही, केवळ चित्र फाटते. त्यापेक्षा दोन पावले पुढे जावे, किंवा आहे तसे चित्र घेऊन नंतर कापावे. पडद्यावर विषयावर बोट दाबून धरले की फोकस आणि उजेड तिथे स्थिर होतात. मग बोट खाली सरकवून उजेड किंचित कमी करावा. पांढऱ्या बगळ्याची पिसे वा अनंताच्या पाकळ्या निव्वळ पांढरा डाग होऊन उरतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हा न केलेला बदल असतो.

ज्यांच्याकडे वेग नियंत्रित करता येणारा कॅमेरा आहे, त्यांनी बसलेल्या पक्ष्यासाठी १/२५० सेकंदाच्या आसपास आणि उडत्या पक्ष्यासाठी १/१००० सेकंद वा त्याहून जलद वेग ठेवून पाहावा. फोकस नेहमी डोळ्यावर. डोळा स्पष्ट असेल तर शेपटी धूसर झालेली चालते. उलट झाले तर चित्र निर्जीव वाटते. कीटकाच्या पातळीवर कॅमेरा उतरवावा. उभ्याने वरून घेतलेल्या चित्रात गवतावरचा टोळ म्हणजे एक हिरवी रेघ असते. गुडघे टेकून घेतलेल्या चित्रात तोच टोळ चेहरा असलेला प्राणी होतो.

उजेडाचे गणित आपल्या अक्षांशाशी बांधलेले आहे. पणजी विषुववृत्तापासून साडेपंधरा अंश उत्तरेला असल्याने मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. उन्हाळ्यातल्या अशा उजेडात सावल्या पायाखाली जातात, पक्ष्यांचे डोळे काळोखात बुडतात आणि पानांवर पांढरे चट्टे उमटतात. म्हणून सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा एकेक तास सोन्याचा. ढगाळ दिवस मात्र दिवसभर चांगला. ढगांनी उजेड गाळून दिलेला असतो, सावल्या मऊ होतात आणि हिरव्याच्या कितीतरी छटा वेगवेगळ्या उठून दिसतात. पावसाळ्यात कॅमेरा बाहेर काढण्याचे हेही एक कारण.

आपल्या हवेत साधनांची निगाही वेगळी ठेवावी लागते. दमट हवेत भिंगाच्या आत बुरशी धरते आणि एकदा जाळे पसरले की ते काढणे खर्चाचे होते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅमेरा ठेवावा आणि आठवड्यातून एकदा तरी वापरावा. वातानुकूलित गाडीतून किंवा खोलीतून थेट बाहेर आणल्यास भिंगावर दव जमते. पिशवीतच पंधरा-वीस मिनिटे ठेवून तो बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा.

चित्राखालची ओळ

वृत्तपत्राच्या कचेरीत वाचकांनी पाठवलेली निसर्गचित्रे नेहमी येतात. त्यांतली कित्येक देखणी असतात. त्यांखाली लिहिलेले असते: ‘सुंदर पक्षी’, ‘निसर्गाची किमया’, ‘शुभ सकाळ’. कोणता पक्षी, कोणते गाव, कोणता दिवस, काही नाही. अशी चित्रे छापताना उपसंपादकाचा हात अडखळतो, कारण ओळीविना चित्र म्हणजे पत्ता नसलेले पाकीट. सौंदर्याबद्दल दाद देता येते, पण त्यातून काही कळत नाही. उलट एखादे थोडे धूसर चित्र, त्याखाली पक्ष्याचे नाव, बागेचे नाव, तारीख, वेळ आणि ‘उंबराची फळे खात होता’ एवढे चार शब्द असतील तर ती नोंद होते. दहा वर्षांनी तिला किंमत असते.

ही किंमत कल्पनेतली नव्हे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात देशातील ९४२ पक्षी जातींच्या स्थितीचा आढावा घेण्यात आला. त्याचा पाया होता तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर नोंदवलेली सुमारे तीन कोटी निरीक्षणे. नोंदी करणारे बहुसंख्य लोक व्यवसायाने शास्त्रज्ञ नव्हते. पक्ष्यांसाठी ई-बर्ड, सर्व सजीवांसाठी ‘आय-नॅचरलिस्ट’ आणि ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’, झाडांच्या पालवी-फुलोरा-फळांसाठी ‘सीझनवॉच’ ही दालने सर्वांना खुली आहेत. चित्र टाकले, ठिकाण आणि तारीख दिली की ओळख पटवण्यास जाणकार मदत करतात. फेब्रुवारीत परसातल्या पक्ष्यांची गणना होते, तर सप्टेंबर हा देशभर फुलपाखरांचा महिना म्हणून पाळला जातो. नवशिक्याने सुरुवात करण्यास हे दोन मुहूर्त चांगले.

नावांच्या बाबतीत आपल्याला आणखी एक काम करता येण्यासारखे आहे. संकेतस्थळे शास्त्रीय आणि इंग्रजी नावे देतात. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’सारखे मोठे काम आपल्या हाताशी आहे. मात्र गावातल्या बोलीतली नावे अनेकदा फक्त वडीलधाऱ्यांच्या तोंडी उरली आहेत. चवथीच्या माटोळीला बांधण्यासाठी रानातून काय आणायचे, हे ज्यांना आजही ठाऊक आहे, त्यांच्यापाशी वनस्पतींची एक जिवंत यादी आहे. माट्टीची फळे, कवंडाळे, आंबाडे, तोरिंग, सुपारीचे घोस ही प्रत्येक वस्तू कुठे, कधी मिळते, हे त्या पिढीला पाठ असते. माट्टी हा तर आपला राज्यवृक्ष. पण बागेत उभी असलेली माट्टी तिच्या सालीवरून ओळखणारे तरुण किती? काढलेले चित्र घरातल्या आजीला किंवा शेजारच्या काकांना दाखवावे, ‘याला आपण काय म्हणतो?’ असे विचारावे आणि मिळालेले नाव चित्राच्या ओळीत लिहावे. साडेचारशे वर्षांपूर्वी गार्सिया द ऑर्ता हेच विचारीत फिरला होता.

मर्यादा

कॅमेरा हे निरुपद्रवी साधन आहे, असे मानणे धोक्याचे ठरते. सर्वाधिक हानी घरट्यांपाशी होते. चित्र नीट यावे म्हणून पानांची आड काढली की पिल्ले ऊन आणि कावळे या दोहोंना उघडी पडतात. आपण जवळ उभे असेपर्यंत आई-बाप चारा घेऊन घरट्यावर येत नाहीत, आणि तेवढ्या वेळात पिल्लांचे खाणे चुकते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे हा प्रकार शिकारीच्या व्याख्येत येतो, याची माहिती अनेक उत्साही छायाचित्रकारांना नसते. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवानगी घ्यावी लागते, चोडणचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य पणजीपासून एका फेरीबोटीच्या अंतरावर असले तरी त्यालाही हाच नियम.

कायद्यापलीकडची शिस्त आपण स्वतः पाळायची. मोबाइलवर पक्ष्याचा ध्वनी वाजवून त्याला बोलावू नये. तो प्रतिस्पर्धी आला असे समजून आपली शक्ती वाया घालवतो. रात्री पिंगळ्यावर फ्लॅश मारू नये. फुलपाखरू फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करणे, बेडूक उचलून ‘चांगल्या’ पानावर बसवणे, मुंग्यांच्या वारुळात काडी घालणे या युक्त्यांनी मिळालेले चित्र खोटे असते, कारण त्यातला प्राणी तसे वागत नसतो. घुबड वा दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. आणि बागेत आपल्याप्रमाणे इतरही येतात: व्यायाम करणारे ज्येष्ठ, निवांत बसलेली जोडपी, खेळणारी मुले. मोठे भिंग कोणाच्याही अंगावर रोखले गेले तर अस्वस्थता येतेच. मुले चित्रात येत असतील तर पालकांना विचारावे किंवा चित्र सोडून द्यावे.

पणाला काय लागले आहे

हा सारा खटाटोप फावल्या वेळेचा छंद म्हणून आनंदाचा आहेच. पण बागांवर आज जे येत आहे, ते पाहता त्याला दुसरा अर्थही आहे. सुशोभीकरणाच्या कामात पहिला बळी जातो तो पालापाचोळ्याचा. पाचोळा झाडून जाळला की त्यातले किडे, त्यांवर जगणारे दयाळ आणि सातभाई, तिथे सुप्त पडलेले कोश हे सारे एकदम नाहीसे होते. मग मातीवर फरशा येतात, झाडाच्या बुंध्याला सिमेंटचा गळफास बसतो, रुई आणि घाणेरीची झुडपे ‘तण’ म्हणून उपटली जातात आणि त्या जागी एकसारखी कातरलेली, फुलपाखराच्या दृष्टीने निरुपयोगी हिरवी भिंत उभी राहते. बाग चित्रासारखी दिसू लागते आणि चित्र घेण्यासारखे तिथे काही उरत नाही.

अशा वेळी तक्रार करणाऱ्या नागरिकाला विचारले जाते: इथे होते तरी काय? आठवणीवर विसंबून दिलेले उत्तर कागदावर टिकत नाही. गोव्यात वृक्षतोडीसाठी १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आवश्यक आहे. एखाद्या झाडावर आक्षेप घ्यायचा झाला तर ते झाड कोणते, त्याचे आरोग्य कसे होते, त्यावर कोणाची वस्ती होती, हे दाखवणारी तारखेनिशी छायाचित्रे हाताशी असणे मोलाचे. तशीच ती बाग सांभाळणाऱ्या पालिकेच्या माळ्यालाही उपयोगी आहेत. कण्हेरीच्या पानाखालचा चकाकता कोश एकदा दाखवला की त्या झुडपावर कात्री चालवताना त्याचा हात थोडा थांबतो. पुष्कळदा बागेची सर्वांत नेमकी माहिती त्याच्यापाशीच असते. त्याच्याशी ओळख करून घेणे हा या छंदाचा उत्तम आरंभ.

सुरुवात लहानच असावी. घराजवळच्या बागेतले एक झाड निवडावे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच जागी उभे राहून, शक्य तो त्याच वेळी तीन चित्रे घ्यावीत: पूर्ण झाडाचे एक, पानाफुलाफळांचे एक आणि त्या दिवशी त्यावर भेटलेल्या एखाद्या जिवाचे एक. खाली नाव, ठिकाण, तारीख लिहावी. नाव ठाऊक नसेल तर जागा मोकळी सोडावी, ती पुढे भरते. वर्षाअखेरीस छत्तीस चित्रे होतील. त्या क्रमाने ती मांडून पाहिली की पानगळ, पालवी, फुलोरा, फळे आणि येणारे-जाणारे पाहुणे असे त्या झाडाचे सारे वर्ष समोर उभे राहते. त्यातले एखादे चित्र आमच्याकडे जरूर पाठवावे. मात्र खाली ओळ लिहायला विसरू नये.